शेवटचे शंभर मीटर

गोव्यात मिरगाचा पहिला पाऊस दणकून पडला की घराघरांतून दोन प्रश्न एकापाठोपाठ एक ऐकू येतात. पहिला, "लायट आसा?" आणि दुसरा, "नेट आसा?" पूर्वी पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की माणसे मेणबत्ती शोधायला लागत. आता दुसऱ्याचे उत्तर मिळाल्याशिवाय घरात शांतता नसते. आजोबांना मुंबईच्या नातवाशी बोलायचे असते, सुनेची मीटिंग असते, आणि धाकट्याचा... जाऊ दे, धाकट्याला नेट कशाला हवे असते ते सगळ्यांनाच ठाऊक आहे!

तर आज या नेटबद्दलच थोडेसे. म्हणजे घरातल्या ब्रॉडबँडबद्दल, त्याच्या वेगाबद्दल आणि कंपनी बदलण्याच्या त्या जिवावरच्या निर्णयाबद्दल. विषय तांत्रिक वाटेल, पण तसा तो नाही. गोव्यातल्या किती घरांचे दरवाजे उघडे राहणार आणि किती घरांना कुलूप लागणार, याच्याशी त्याचा संबंध आहे.

थोडे मागे जाऊ. भारतात सामान्य माणसासाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आणि तेही आधी मोजक्या महानगरांत. आपल्याकडे बहुतेकांची पहिली ओळख झाली ती डायल-अपशी. मॉडेम कुईऽऽ किर्रर्र करून ओरडायचा, घरातला फोन तेवढा वेळ बंद राहायचा, आणि कुणी चुकून दुसऱ्या खोलीतला रिसीव्हर उचलला की सगळे मुसळ केरात. वेग होता जास्तीत जास्त ५६ केबीपीएस. पाच एमबीचे एक गाणे उतरवायला कागदावरच्या हिशेबाने बारा मिनिटे आणि प्रत्यक्षात अर्धा तास. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने ठरवले की २५६ केबीपीएस असेल तर त्याला ब्रॉडबँड म्हणायचे. तेच गाणे आता अडीच मिनिटांत! आपण धन्य झालो होतो. काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट असायचे. काकड आरतीला उठणारी माणसे आपल्याला ठाऊक होती, गाणी उतरवायला पहाटे दोनचा गजर लावणारी पिढी तेव्हा पहिल्यांदा दिसली. पुढे २०१३ मध्ये ही मर्यादा ५१२ केबीपीएस झाली आणि २०२३ च्या जानेवारीत २ एमबीपीएस. आज जाहिरातीत १०० आणि ३०० एमबीपीएसच्या गोष्टी असतात. १०० एमबीपीएसला ते गाणे अर्ध्या सेकंदात येते. (ऐकायला मात्र अजूनही पाच मिनिटेच लागतात, हे नशीब.)

मग प्रश्न असा की वेग इतका वाढला, तरी "नेट आसा?" हा प्रश्न का संपत नाही?

याचे कारण, माझ्या मते, आपण मोजतो एक आणि बिघडते दुसरेच. २००८ च्या जानेवारी अखेरीस इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या तारा तुटल्या आणि भारतभर इंटरनेट रेंगाळले होते. मोठी बातमी झाली. पण तसे क्वचित घडते. समुद्राच्या तळाशी तार तुटली तर ती जोडायला जहाज जाते, आणि तोवर वाहतूक दुसऱ्या वाटेने वळवली जाते. आपल्या वाड्यावर माडाचे चुडत तारेवर पडले तर मात्र दुसरी वाट नसते. लिस्बनपासून मुंबईपर्यंत आणि मुंबईपासून फोंड्यापर्यंत हजारो किलोमीटर सुखरूप आलेले इंटरनेट घराच्या अलीकडे शेवटच्या शंभर मीटरांत मरते!

आणि आपल्याकडचे हे शंभर मीटर म्हणजे काय प्रकार आहे ते पाहा. शहरात एका इमारतीत चाळीस बिऱ्हाडे असतात. तिथे एकदा तार आणली की काम झाले. अंत्रुज महालातले किंवा सत्तरीतले गाव तसे नसते. एक वाडा इकडे, एक व्हाळापलीकडे, तिसरा देवळामागच्या चढणीवर. एखादे घर तर कुळागराच्या पोटात. तार खांबावरून निघते ती फणसाच्या फांदीला टेकून, पोफळींना वळसा घालून आणि कधी कधी शेजाऱ्याच्या गोठ्यावरून घरात शिरते. अशा चार घरांसाठी खर्च करायला मोठी कंपनी तयार नसते, आणि केला तरी दुरुस्तीला माणूस पाठवताना विचार करते.

तांब्याच्या तारेच्या काळात तर आणखी एक अडचण होती. फोनच्या तारेवरून येणाऱ्या ब्रॉडबँडचा वेग टेलिफोन एक्स्चेंजपासूनच्या अंतराबरोबर घटत जातो. एक्स्चेंजच्या शेजारच्याला भरपूर आणि चार-पाच किलोमीटरवरच्याला उरलेसुरले. त्यात पावसात जोडामध्ये पाणी शिरले की फोनवर खरखर आणि नेट गायब. मग केबल टीव्हीवाल्यांनी लॅनची तार टाकून नेट द्यायला सुरुवात केली. ही तार एका दमात शंभर मीटरच जाते, म्हणून मध्ये मध्ये खांबावर स्वीचची पेटी. त्या पेटीला वीज हवी. म्हणजे तुमच्या घरी इन्व्हर्टर असून उपयोग नाही, खालच्या वळणावरची वीज गेली की तुमचेही नेट गेले. आणि मे महिन्यात गडगडाट सुरू झाला की वीज त्याच तारेतून स्वीच, मॉडेम आणि कॉम्प्युटर तिघांचा एकदम निकाल लावायची.

फायबरने यातले बरेच प्रश्न सोडवले. काचेच्या धाग्यातून प्रकाश जातो, काच ओली झाली म्हणून खरखर होत नाही आणि ती विजेचा प्रवाहही वाहून नेत नाही. (तरी गडगडाटात ॲडॉप्टरचा प्लग काढायला विसरू नका, कारण तो विजेच्या तारेला जोडलेला असतो!) एका मुख्य धाग्यातून सुमारे अडीच गिगाबिट येतात आणि ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. वाटणी करणाऱ्या त्या खांबावरच्या डबीला वीज लागत नाही. म्हणून कंपनीच्या केंद्रात वीज असेल आणि तुमच्या डब्याला छोटे बारा व्होल्टचे यूपीएस जोडलेले असेल, तर गावभर काळोख असतानाही नेट चालते. पण काच ती काच. फांदीने दाबली, उंदराने कुरतडली, कोपऱ्यात जास्त वाकवली की प्रकाश अडतो आणि घरातल्या डब्यावर 'एलओएस' नावाचा लाल दिवा लुकलुकायला लागतो. पावसाळ्यात हा लाल दिवा ज्याने पाहिला नाही असा फायबरवाला गोंयकार विरळाच!

आता यात एवढे काय अडले आहे? २०२० मध्ये ते सगळ्यांनाच कळले. शाळा मोबाईलवर आल्या आणि सत्तरी-सांग्यातल्या काही गावांतली मुले रेंज मिळावी म्हणून भर पावसात डोंगर चढून बसायला लागली. एकीकडे ते दृश्य, आणि दुसरीकडे अनेक गावांत टॉवरला विरोध. दोन्ही गोष्टी एकाच चिमुकल्या राज्यात. आणि त्याच वर्षी दुसरेही काही घडले. पुण्याला, बंगळूरला नोकरीला गेलेली मुले घरी परतली. चतुर्थीपुरती उघडणारी घरे वर्षभर उघडी राहिली.

आमच्या वाड्यावर असेच एक घर आहे. दोघे निवृत्त शिक्षक, मुलगा बंगळूरला. तो २०२० मध्ये आला आणि पुढे त्याच्या ऑफिसने घरूनच काम करायला कायमची परवानगी दिली. अट एकच, नेट पक्के हवे. दोन वर्षे बरी गेली. तिसऱ्या पावसाळ्यात नेट गेले ते नऊ दिवस. कंपनीचे नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. रोज तक्रार, रोज नवा तक्रार क्रमांक आणि रोज संध्याकाळी मोबाईलवर संदेश, "आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे." वर डब्यावर लाल दिवा तसाच! सहाव्या दिवशी ऑफिसने सौम्य शब्दांत विचारले की तू बंगळूरला परत कधी येतोस? त्या रात्री त्या घरात कुणी नीट जेवले नाही. प्रश्न नेटचा राहिला नव्हता, दोन म्हाताऱ्या माणसांचा झाला होता.

मुलाने कंपनी बदलायचे ठरवले. समोर दोन पर्याय होते. एका मोठ्या कंपनीची ३०० एमबीपीएसची झगझगीत जाहिरात, आणि गावातल्या केबलवाल्याचे ५० एमबीपीएस. मुलगा हुशार. त्याने जाहिरात बाजूला ठेवली आणि वाड्यावर चौकशी केली. मोठ्या कंपनीची तार वाड्यापासून पाऊण किलोमीटरवर संपत होती आणि "लवकरच येणार" होती. केबलवाल्याचा लाईनमन दोन वाडे पलीकडे राहणारा, भजनात पखवाज वाजवणारा मुलगा. त्याने महिनाभर जुने आणि नवे अशी दोन्ही कनेक्शने चालू ठेवली आणि मगच जुने सोडले. पन्नासच घेतले. व्हिडिओवर बोलायला चार-पाच एमबीपीएस पुरतात, बाकी सगळा प्रश्न ते अखंड मिळण्याचा असतो.

नवीन नेटही पावसात जाते, नाही असे नाही. पण तेव्हा लाईनमन अंगणातूनच हाक मारतो, "काका, खांब्यार चुडत पडलां. पावस थांबूं दी, मागीर येतां." आणि तो येतो. 'मागीर' म्हणजे तीन तास की उद्या सकाळ हे देवालाच ठाऊक, पण तो येतो! मुलगा अजून इथेच आहे.

यातून मी काढलेला अर्थ असा. गोव्यात कंपनी निवडताना राज्यात कोण मोठा हे विचारू नये, आपल्या खांबावर कोण येतो हे विचारावे. गेल्या पावसाळ्यात शेजाऱ्याचे नेट किती दिवस बंद होते? दुरुस्तीचा माणूस कुठून येतो? वीज गेल्यावर त्यांच्या केंद्रात बॅटरी किती वेळ टिकते? तार जोडायला आला की त्याला मीटरवर प्रकाशाचा आकडा दाखवायला सांगावे. वजा वीसच्या आसपास असेल तर उत्तम, वजा सत्तावीसच्या खाली गेला तर पहिल्या पावसालाच रडगाणे सुरू. सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे स्वस्त पडतात म्हणून आगाऊ भरू नयेत, निदान एक पावसाळा जाईपर्यंत तरी. जुनी कंपनी सोडताना लेखी कळवावे, डबा परत केल्याची पावती घ्यावी, अनामत मागून घ्यावी. आणि तक्रार खोटीच 'निवारण' झाली तर तिथे थांबू नये. प्रत्येक कंपनीला अपील अधिकारी नेमावा लागतो, त्याच्याकडे तक्रार क्रमांकासह अपील करता येते, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

वेग कमी वाटला तर कंपनीला शिव्या घालण्याआधी एकदा तार थेट कॉम्प्युटरला जोडून मोजावा. आपली जुनी घरे चिऱ्याच्या दोन-दोन फुटी भिंतींची. ओसरीवर ठेवलेल्या डब्याचे वाय-फाय राजांगण ओलांडून रांदचेकुडीत पोहोचत नाही, यात कंपनीचा दोष नाही. दोष असलाच तर आपल्या पणजोबांचा, आणि त्यांना थंडावा हवा होता!

एक गोष्ट मात्र सुटत नाही. मोबाईलचा नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय देशभर २०११ च्या जानेवारीत आली, पण घरच्या लँडलाईनला ती नाही. जुनी कंपनी सोडली की तो नंबरही जातो. वर सांगितलेल्या घरातल्या आईचा जीव त्यातच अडकला होता. बहरीनला असलेल्या तिच्या बहिणीला तो एकच नंबर तोंडपाठ! शेवटी नेट काढून नुसता फोन वर्षभर ठेवला, आणि चतुर्थीला सगळे गोतावळ्यासह जमले तेव्हा नवा नंबर सगळ्यांना लिहून दिला. कुणाकडे असा जुना नंबर असेल तर हे करून पाहावे.

आणि शेवटचे, जे कुठल्याच कंपनीच्या हातात नाही. मिरगाआधी आपण पुरुमेंत भरतो, कौले परततो, सुकी लाकडे आत घेतो. यंदा आमच्या वाड्यावरच्या पाच घरांनी त्या यादीत आणखी एक काम घातले. मे महिन्याच्या एका रविवारी लाईनमनला बोलावून तारेवर आलेल्या फांद्या आणि चुडते त्याच्या देखत काढून घेतली. माडावर चढणाऱ्या पाडेल्याचे पैसे पाच घरांत वाटले. वर्षभराच्या नेटच्या बिलापुढे ते अगदीच किरकोळ होते. समुद्राखालची तार सांभाळायला जगात पुष्कळ माणसे आहेत. ही शंभर मीटर तेवढी आपली.