आधी ऑटो पाड!

तर झालं असं, की तीन वर्षांपूर्वी मी सॉफ्टवेअरवाल्यांवर एक लेख लिहिला होता. एकदम खुसखुशीत वगैरे! कंपनीची कॅब, गळ्यातलं आयकार्ड आणि ‘तुम्ही दिवसभर नेमकं करता काय रे?’ या प्रश्नावरचे त्यांचे मख्ख चेहरे. मैत्रिणींना जाम आवडला. माझ्या धाकट्या भावाला नाही. तो पुण्यात हेच काम करतो. लेखात ‘एक आयटीवाला भाऊ’ होता आणि वडगाव निंबाळकरच्या आमच्या अख्ख्या आळीने तो लगेच ओळखला. तेव्हापासून आमचं फोनवरचं बोलणं ‘आईला दे’ एवढ्यावर आलं.

गेल्या महिन्यात घरी गेले, तर साहेब ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसलेले. वर्क फ्रॉम होम. त्याचं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेरीला संपत होतं आणि एक बग काही केल्या सुटत नव्हता. अर्थात हे मला आईने सांगितलं, त्याने नाही.

रात्री साडेअकराला चहा घेऊन गेले आणि तोच प्रश्न विचारला. ‘नेमकं करतोस काय?’

‘लेख करणारेस?’

‘नाही रे.’

(तुम्ही हे वाचताय म्हणजे मी खोटं बोलले. पण नंतर रीतसर परवानगी घेतलीये!)

मग त्याने सांगायला सुरुवात केली. व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका कम्प्युटरच्या पोटात चालणारा दुसरा कम्प्युटर. तो बिचारा समजतो, आपण स्वतंत्र आहोत. पण त्याची डिस्क, त्याचं नेटवर्क, त्याचे पोर्ट असं सगळंच बाहेरच्याने दाखवलेलं. मशीन चालू असताना आपण पेन ड्राइव्ह लावतो-काढतो ना, त्याला हॉट-प्लग म्हणतात. इथे हाताने उपसायला वायरच नसते. बाहेरून एक कमांड दिली की आतल्याच्या दृष्टीने पोर्ट गायब! अशा वेळी कोणता पोर्ट आहे, कोणता गेला, कोण तो वापरतंय, याची नोंद ठेवायची ड्रायव्हरने. ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि प्रोग्रॅम यांच्यातला दुभाष्या.

‘आता समज, एक प्रोग्रॅम पोर्टवर डेटा येईल म्हणून झोपून वाट बघतोय. तेवढ्यात पोर्ट काढला. त्याला उठवून सांगायला नको, की बाबा रे, आता काही येणार नाही? नाही सांगितलं तर तो कायमचा लटकतो. आणि त्याचा हिशेब ठेवलेली मेमरी आपण आधीच परत देऊन टाकली असेल, आणि तो नंतर उठून तिथेच हात घालायला गेला, तर अख्खं मशीन झोपतं.’

मी म्हटलं, याआधी कुणाला आला नाही का हा प्रॉब्लेम? तेव्हा त्याने लिनक्सच्या कोडमधली एक फाइल उघडली. व्हर्टआयओ कन्सोल. बाहेरचं मशीन आणि आतलं मशीन यांनी एकमेकांशी बोलायचे पोर्ट. स्पाइस नावाच्या व्यवस्थेत बाहेर कॉपी केलेला मजकूर आत पेस्ट होतो, तो याच वाटेने. 2010 मध्ये या ड्रायव्हरमध्ये चालू मशीनवर पोर्ट काढायची सोय आली, आणि ती लिहिली रेड हॅटच्या पुण्यातल्या अमित शाह यांनी. (नाही, ते नव्हेत!) पोर्ट गेला की झोपलेल्याला उठवायचं, ‘असं डिव्हाइसच नाही’ असा एरर हातात द्यायचा, आणि शेवटचा वापरणारा हात सोडेपर्यंत पोर्टची मेमरी परत करायची नाही. सगळं एकदम जमलं असं मुळीच नाही. पोर्ट काढणं आणि उघडणं एकाच क्षणी झालं तर काय, या भानगडीवरच्या दुरुस्त्या 2013 मध्येही त्यांनी केल्या. हे सांगताना माझ्या भावाचा चेहरा अजिबात मख्ख नव्हता, हे इथे कबूल करते.

त्याच्या कंपनीचा ड्रायव्हर वेगळा, स्वतःचा. त्याने झोपलेल्याला उठवण्याची सोय केली होती. तरी प्रोग्रॅम लटकायचा, आणि तोही दर वेळी नाही. शंभरदा पोर्ट काढला तर तीन-चारदाच. म्हणजे सर्वांत वाईट जात.

तेवढ्यात अप्पा बॅटरी घेऊन बाहेर आले. या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची, ऊस भिजवायला जायचं होतं. चपला घालता घालता त्यांनी विचारलं, ‘काय बिघडलंय?’ भावाने वैतागूनच सांगितलं, काढलेलं यंत्र अजून जोडलेलं आहे असं वाटतंय त्याला.

‘म्हंजी ऑटो पाडला न्हाईस व्हय?’

ज्यांनी विहिरीवरची मोटर पाहिली नाही त्यांच्यासाठी: स्टार्टरला ऑटो नावाचा एक स्विच असतो. गेलेली लाईट आली की तो मोटर आपोआप चालू करतो. अप्पा म्हणाले, ‘लाईट गेली म्हणून मोटर बंद हाय का मानूस आत हात घालून बसलाय म्हणून, स्टार्टरला काय कळतंय? त्याला दोन्ही सारखंच. आधी ऑटो पाडायचा, मग हात लावायचा. उलटं क्येलं की गेला मानूस.’ आणि गेले.

भाऊ बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला. मग दोन ओळींची जागा बदलली. त्याचा कोड झोपलेल्याला आधी उठवत होता आणि ‘पोर्ट जोडलेला आहे’ ही खूण नंतर खोडत होता. मधल्या त्या एवढ्याशा फटीत उठलेल्या प्रोग्रॅमने पाहिलं तर खूण तशीच. म्हणजे पोर्ट आहे की! गडी पुन्हा झोपला, आणि आता त्याला उठवायला कुणी येणार नव्हतं. आधी खूण खोडायची, मग उठवायचं. एवढंच. (मध्ये कुलूप वगैरेही घालावं लागतं म्हणे. ते मला झेपलं नाही.)

पहाटे चारपर्यंत आम्ही पोर्ट काढत-लावत बसलो. म्हणजे तो स्क्रिप्ट चालवत होता आणि मी आकडे मोजत होते. दोन हजार वेळा काढला, एकदाही लटकला नाही. मधे कधीतरी तो, स्क्रीनवरून नजर न काढता, म्हणाला, ‘त्या लेखानंतर आईने मला विचारलं होतं, तू खरंच काही करत नाहीस का रे?’ मी ‘सॉरी’ म्हटलं. तो ‘हं’ म्हणाला. मग म्हणाला, ‘साखर कमी झालीये चहात.’

कॉन्ट्रॅक्ट सहा महिन्यांनी वाढलं. दुरुस्ती पाठवताना ती कुणी सुचवली त्याचं नाव खाली लिहायची पद्धत असते. त्याने अप्पांचं लिहिलं. दुसऱ्या दिवशी तपासणाऱ्या सीनियरचं उत्तर आलं: कोड ठीक आहे, पण हे गृहस्थ कोणत्या टीममध्ये आहेत?