जोवाईचे छोटे चर्च

गुवाहाटीहून शिलाँग शंभर किलोमीटर, आणि तिथून पुढे जोवाई साठ-पासष्ट. मेघालयात चर्च शोधायला जाणे म्हणजे पंढरपुरात देऊळ शोधणे! पण आम्ही गेलो ते एका निराळ्या पंथासाठी. नाव युनिटेरियन. देव एकच, त्याचे तीन भाग नाहीत, कायमचा नरक नाही, आणि विचार करायला मनाई नाही.

ही गोष्ट गोऱ्या पाद्र्यांपासून सुरू होत नाही. 1841 साली वेल्सचे थॉमस जोन्स चेरापुंजीला आले. त्यांनी खासी बोलीला रोमन लिपी दिली. त्या उपकाराची जाण खासी लोक ठेवतात. 1865 साली जन्मलेला हाजोम किसोर सिंग हा तरुणही त्याच मिशनमध्ये ख्रिस्ती झाला. पण नरकाची ती शिकवण त्याला पटेना. कलकत्त्याचे अमेरिकन युनिटेरियन चार्ल्स डॉल यांना त्याने पत्रे लिहिली, त्यांनी पुस्तके धाडली. 1886 मध्ये डॉल वारले. दोघांची भेट राहूनच गेली. तरी हाजोम थांबला नाही. 18 सप्टेंबर 1887 रोजी जोवाईत, स्वतःच्या घरी, मूठभर माणसांना घेऊन त्याने पहिली उपासना केली. अमेरिकेचे जाबेझ संडरलँड तिथे पोचले ते 1896 मध्ये, म्हणजे काम उभे राहिल्यावर! कुणी येऊन उद्धार करील याची वाट न पाहणारी माणसे आम्हाला जवळची वाटतात.

हाजोमने प्रार्थनागीते खासीतच लिहिली. वडिलोपार्जित घर सर्वात धाकट्या मुलीकडे जाते, असा इथला रिवाज. म्हणून की काय, हे लोक देवाला बाप म्हणतात तसे आईही म्हणतात. आम्ही बौद्ध, आम्हाला देवच मान्य नाही. तरी हे ऐकून बरे वाटले.

आज या डोंगरांत त्यांची संख्या दहा हजारांच्या आसपास. पगारी धर्मगुरू फार थोडे. रविवारी गावातलाच कुणी उठून बोलतो, बाया-पोरे गातात. शाळांवर त्यांचा मोठा भर. 1930 च्या दशकात आलेल्या इंग्रज बाई मार्गारेट बार यांनी पुढे खारांग या खेड्यात राहून मुलांना शिकवले, बाळंतिणींची सोय केली. 1973 साली त्या वारल्या.

आपल्याकडचा धागाही आहे. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे 1901 मध्ये ऑक्सफर्डला शिकायला गेले ते युनिटेरियनांच्याच मदतीने, आणि 1906 मध्ये त्यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. त्या मिशनशी बाबासाहेबांचे मतभेद होते, ते आपल्या वाचकांना ठाऊक आहेत.

उपासना संपल्यावर एका आजीबाईंनी आम्हाला क्वाई, म्हणजे पानसुपारी दिली. कुठले, काय, विचारपूस झाली. आम्ही 14 ऑक्टोबर 1956 ची हकिकत सांगितली. एवढी माणसे एका दिवसात? त्या थक्क झाल्या. मग त्यांनी मोडक्या हिंदीत विचारले, “तुमच्या विहारात दर रविवारी बोलतं कोण? पोरं येतात का?”

आमच्या वस्तीतले विहार जयंतीला फुलते, वर्षावासात चार-दोन घरे येतात, एरवी किल्ली शेजारच्या दुकानात असते. आम्ही खरे ते सांगितले. आजीबाई हसल्या नाहीत. नातीला हाक मारून म्हणाल्या, “पुढच्या रविवारी हिची पाळी. चौदा वर्षांची आहे. आतापासून घाबरते.”