एका सुताच्या आत

मोतीबिंदूच्या ऑपरेशनबद्दल लोक बोलतात ते सर्जनच्या हाताबद्दल, मशीनबद्दल, नाहीतर 'दहा मिनिटांत उठवलं बघा' याबद्दल. ट्रॉलीबद्दल कुणी बोलत नाही. सर मायक्रोस्कोपला डोळे लावून मोतीबिंदूचे तुकडे ओढून घेत असतात, तेव्हा त्यांच्या उजव्या हाताशी उभी राहून मी भिंग भरत असते. बारामतीच्या ऑपरेशन थिएटरमध्ये मी सिस्टर आहे. पेशंट निम्मेअधिक इंदापूर तालुक्यातले, भिगवण, पळसदेव, कळस, निमगाव केतकीचे. माझं माहेरही तिकडचंच, त्यामुळे टेबलावर झोपलेल्या आजींना आधी मी कुणाची कोण ते सांगावं लागतं, मगच त्या डोकं स्थिर ठेवतात.

वालचंदनगरच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले एक बाबा आले होते. साखर कारखान्यांच्या यंत्रांत आयुष्य गेलेलं. डोळ्यात भिंग बसवणार हे कळल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला तो मापाचा.

"केवढं असतं हो सिस्टर?"

"गोल भाग सहा मिलिमीटर."

"म्हणजे दोन सुतांना जरा कमी. आणि भोक केवढं पाडता?"

"दोन पॉइंट आठ."

"ते तर सुताच्याही आत. मग जाणार कसं?"

घडी घालून जातं, म्हटलं. बाबा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आत जाऊन उलगडलं नाही तर?" इतका नेमका प्रश्न मला शिकाऊ डॉक्टरांनीही क्वचित विचारलाय. पेशंट सहसा विचारतात ते 'दुखेल का' आणि 'डोक्यावरून आंघोळ कधी'.

तर घडी. घडीचं भिंग ॲक्रिलिकचं असतं. एक जात पाणी धरणारी, ती छोट्या बाटलीत सलाइनमध्ये बुडवून येते. दुसरी पाणी न धरणारी, ती बहुधा कोरडी येते. पाण्यातलं भिंग चिमट्यात धरायचं म्हणजे भिजलेल्या सब्जाचा दाणा उचलण्यासारखं आहे, बुळबुळीत आणि आरपार. खोकं उघडण्याआधी पॉवर मोठ्यानं वाचायची, डोळा उजवा की डावा तेही. बाहेरची सिस्टर वाचते, मी केसपेपरशी ताडून बघते, सर 'हो' म्हणतात. हे तिघांचं झाल्याशिवाय सील तुटत नाही. भिंगाबरोबर आलेले स्टिकर लगेच केसपेपरवर आणि डिस्चार्ज कार्डावर.

मग कार्ट्रिज. प्लॅस्टिकची पारदर्शक नळी, पुढे निमुळती, मागे उघडणारे दोन पंख. त्यात आधी विस्को सोडायचं. विस्को म्हणजे डोळ्यात पोकळी टिकवण्यासाठी वापरतात ते दाट पारदर्शक द्रव. इथं ते वंगणाचं काम करतं. ते कमी पडलं तर भिंग नळीत अडतं, ओरखडतं. मग भिंग अलगद पंखांवर ठेवायचं. त्याला दोन वाकडे पाय असतात, इंग्रजीत हॅप्टिक. पुढचा पाय नळीच्या तोंडाकडे, मागचा भिंगावर दुमडून. वरून पाहताना पायांसकट आकार इंग्रजी 'एस'चा दिसला तर भिंग पालथं आहे, उलटा 'एस' दिसला तर सरळ. कडा खाली दाबत पंख मिटायचे. मिटताना कट्ट असा आवाज येतो, पण त्या आवाजावर मी विश्वास ठेवत नाही. कार्ट्रिज उजेडात धरून पंखांच्या फटीत पाय चिमटलाय का ते पाहते. पाय चिमटला असेल तर तो डोळ्यात जाऊन तुटणार, आणि मग एका सुताच्या आतल्या भोकातून तुटकं भिंग परत बाहेर काढायचं. ते काम कुणाच्याच वाट्याला येऊ नये.

भरलेलं भिंग फार वेळ तसं ठेवायचं नसतं. घडीत जास्त वेळ राहिलं तर उलगडताना कुरकुरतं. म्हणून सरांचा शेवटचा तुकडा निघायच्या बेतात असतानाच मी पंख मिटते, आधी नाही. सर 'लेन्स' म्हणाले की इंजेक्टर, म्हणजे कार्ट्रिजमधलं भिंग डोळ्यात ढकलणारी पिचकारी, हातात पाहिजे, आणि घडी ताजी पाहिजे.

पूर्वी हे असं नव्हतं. सुरुवातीला आमच्याकडे भिंगं पीएमएमए नावाच्या प्लॅस्टिकची, ताठ, घडी न होणारी. त्यांना सहा-साडेसहा मिलिमीटरचा बोगदा लागायचा. सर मॅकफर्सनच्या वाकड्या चिमट्यानं भिंग धरत, पुढचा पाय पिशवीत, म्हणजे मूळ भिंगाच्या पातळ वेष्टणात, सरकवत, मग सिन्स्की हुकाची बारीक आकडी भिंगात अडकवून घड्याळाच्या दिशेनं फिरवत मागचा पाय आत बसवत. सगळी कला त्या मनगटात होती. मी फक्त योग्य हत्यार योग्य क्षणी द्यायची. आता इंजेक्टरचं प्लंजर दाबलं की भिंग आपोआप उलगडत पिशवीत उतरतं, हुकाची गरज नावापुरती. म्हणजे सर्वांत नाजूक पायरी डोळ्यातून उठून ट्रॉलीवर आली. माझं हे म्हणणं सर्जन मंडळींना फारसं आवडत नाही. आमचे सर हसतात, पण नाकारत नाहीत.

ताठ भिंगाला कमी लेखू नये, हेही सांगते. माझ्या आजीच्या पिढीला भिंगच मिळालं नाही. मोतीबिंदू काढायचा आणि दहा नंबरचा जाड चष्मा द्यायचा. चष्मा हरवला की बाई पुन्हा आंधळी. 1992 साली मदुराईत अरविंद नेत्र रुग्णालयाच्या ऑरोलॅबनं भिंगं बनवायला घेतली आणि आयातीच्या भिंगाची मक्तेदारी मोडली. 1994 ते 2002 या काळात जागतिक बँकेच्या मदतीनं सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा कार्यक्रम झाला, त्यात महाराष्ट्र होता. गावोगावच्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यात भिंग पोचलं ते या ताठ भिंगामुळं. आजही मोतीबिंदू पार काळा, दगडासारखा झालेला असेल तर सर मोठा बोगदाच करतात, आणि तेच बरोबर. 'घडीचं टाका, जास्त दिसेल' असं नातेवाईक हट्टानं सांगतात. दिसणं ठरतं ते डोळा नीट मोजून काढलेल्या पॉवरवर. घडीमुळं चीर लहान राहते, इतकंच.

धुण्याचं काम कुणी बघत नाही, म्हणून त्यावर जरा रेंगाळते. टायटॅनियमचा इंजेक्टर पुन्हा वापरायचा असतो. आत विस्को सुकलं की ते ऑटोक्लेव्हनं जात नाही, आणखी घट्ट बसतं. म्हणून केस संपल्या संपल्या इंजेक्टर आणि डोळ्यात पाणी सोडणारी आणि ओढून घेणारी सिमकोची दुहेरी नळी डिस्टिल्ड पाण्यानं पिचकारीनं दाबून धुवायची, पुन्हा धुवायची, मग हवा मारायची. साबणाचा अंश राहिला तरी दुसऱ्या दिवशी डोळा जंतूंशिवायच लाल होऊन सुजतो, पारदर्शक पडदा धुरकट होतो. हे दुखणं भिंगाइतकंच जुनं आहे. लढाऊ विमानाच्या छताचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात गप्प राहतात हे पाहून नेत्रतज्ज्ञ हॅरल्ड रिडले यांनी त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं भिंग करवून घेतलं आणि 29 नोव्हेंबर 1949 रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात ते बसवायला सुरुवात केली. त्यांची भिंगं सेट्रिमाइडच्या द्रावणात निर्जंतुक होत, आणि त्याचा अंश राहिल्यानं पुष्कळ डोळे सुजले, असं पुढच्यांनी म्हटलंय. सर्जनचं डोकं शंभर नंबरी, आणि गाडी अडली ती धुण्यावर! हे मी प्रत्येक नव्या मुलीला सांगते.

आमच्याकडे गर्दी थंडीत. 'उन्हाळ्यात डोळा करू नये' ही समजूत अजून गेलेली नाही. नेमकं तेव्हाच गळीत हंगाम जोरात. सोबतीला येणारा मुलगा ऊसतोडीत अडकलेला, म्हणून तारखा पुढं ढकलल्या जातात. नंतर कुणी म्हणतं, तुकोबांची पालखी निमगाव केतकीला यायच्या आत डोळा मोकळा करा. थंडीचा त्रास भिंगालाही होतो. पाणी न धरणारं ॲक्रिलिक गारठ्यात ताठरतं आणि पिशवीत अगदी सावकाश पाय पसरतं. म्हणून डिसेंबरात मी भिंगांची खोकी लवकर थिएटरमध्ये आणून ठेवते आणि एसी खाली करायला कुणी गेलं तर हटकते.

आता आधीच भरून आलेली, म्हणजे प्रीलोडेड, भिंगंही येतात. चिमटा लावायचा नाही, पंख मिटायचे नाहीत. चूक होण्याच्या जागा कमी झाल्या, हे चांगलंच. पण महाग पडतात, आणि प्रत्येक भिंगामागं अख्खा प्लॅस्टिकचा इंजेक्टर कचऱ्याच्या लाल पिशवीत जातो. शिवाय विस्को भरायचं आणि वेळ सांभाळायची ती आहेच. 'तुमचं काम संपलं' असं एका कंपनीचा माणूस मला म्हणाला होता. मी त्याला म्हटलं, तुम्ही एकदा थंडीत या.

नव्या मुलींना शिकवायला मुदत संपलेली भिंगं मी वेगळ्या डब्यात साठवते, जुन्या कार्ट्रिजसकट, डब्यावर लाल शाईनं 'पेशंटसाठी नाही'. दुपारी यादी संपली की त्यांना मायक्रोस्कोपखाली बसवते. भरा, ढकला, वाटीतल्या पाण्यात उलगडू द्या, उचला, पुन्हा भरा. पहिल्या आठवड्यात भिंग चिमट्यातून उडून फरशीवर जातं आणि सगळ्या जणी गुडघ्यावर बसून ते शोधतात. आरपार आणि दोन सुतांहून लहान, त्यामुळे सापडत नाही.