सडा बघायचाय? जून ते सप्टेंबरात या!

आमच्या रत्नागिरीकडे सड्यांना आता भाव आलाय. कुंपण पडतं, प्लॉट पडतात, मग जेसीबी. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "तिथे आहे काय? नुसता कातळ!" सातबाऱ्यावरही पोटखराबाच लिहिलेला असतो.

मे महिन्यात बघाल तर खरंच काही दिसत नाही. पण पहिल्या सरी पडल्या की कातळावरच्या जेमतेम मातीतून दीपकाडीची पांढरी फुलं वर येतात. हिच्या शास्त्रीय नावातच कोकण आहे. मागून सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू. पाऊस सरला की सगळं पुन्हा वाळकं गवत. मी दरवर्षी मुलांना घेऊन जातो, दरवर्षी ती चकित होतात.

आता नियम बघा. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटरच्या आतल्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागतच नाही. मोठ्या प्रकल्पांचा अभ्यास होतो, तोही बहुतेक वेळा पावसाळा सोडून एकाच हंगामाचा. म्हणजे सगळे कंद जमिनीखाली झोपलेले असताना हजेरी घ्यायची आणि 'गैरहजर' मांडायचं!

विकास नको असं कोण म्हणतंय? घरं आम्हालाही हवीत. पण आधी एक पावसाळा बघा, मग नकाशा काढा.

आणि मंडळी, २००२ च्या कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. पुढच्या ग्रामसभेत एवढंच विचारा: आपल्या नोंदवहीत सड्याचं पान आहे का?