कोबीतलं पाणी, तांदळाचा कागद

स्प्रिंग रोल जमणं न जमणं पाण्यावर असतं, हे आईने मला फार लवकर शिकवलं. १९९३मध्ये लोकल नेरूळपर्यंत आली आणि स्टेशनबाहेर चायनीजच्या गाड्या लागू लागल्या. लाल रंग, पुढच्या पत्र्यावर ड्रॅगन, मोठ्या आचेवर उसळणारी कढई. तिथला रोल मला इतका आवडला की आईने भिशीच्या दिवशी तो घरी करायला घेतला.

मैद्याच्या दोन पुऱ्यांमध्ये तेल आणि पिठी लावून ती एकच पातळ पोळी लाटायची, तव्यावर जेमतेम शेकायची आणि गरम असतानाच दोन पदर सोडवायची. कोबीला मीठ लावून तो घट्ट पिळायचा. मग गाजर, ढोबळी मिरची, पातीचा कांदा, सगळं मोठ्या आचेवर परतून परातीत पसरून पूर्ण गार करायचं. सारण गरम राहिलं तर वाफेने पारी ओली होते आणि रोल तेलात फुटतो. कडा मैद्याच्या खळीने चिकटवायच्या.

सोबत लाल चटणी: भिजवलेली ब्याडगी मिरची, भरपूर लसूण, आलं, व्हिनेगर, तेल सुटेपर्यंत शिजवलेलं. हे सगळं मुंबईचं चायनीज. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५मध्ये इथल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंचुरियन केलं असं सांगतात. आलं, लसूण, हिरवी मिरची आणि सोया सॉस ही त्याची बैठक. त्याला नकली म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही. स्थलांतर केलेल्या माणसांनी इथल्या जिभेशी जोडलेलं नातं आहे ते.

पुढे आईचं तळलेलं खाणं बंद झालं आणि मी व्हिएतनामी पद्धतीचे ताजे रोल करू लागले. तांदळाचा कागद कोमट पाण्यात क्षणभर बुडवायचा. किंचित कडक असतानाच पाटावर घ्यायचा, सारण भरेपर्यंत तो आपोआप मऊ होतो. इथे पाणी हवंच, पण मोजकं. आत काकडी, गाजर, पुदिना, उकडलेली कोलंबी, शेवया.

आईने तो कोरडा कागद उजेडात धरला आणि म्हणाली, ‘‘अगो, ही तर फेणी!’’ खरंच होतं. कोकणात तांदळाचं आंबवलेलं पीठ पातळ पसरून वाफवतात, सोलून उन्हात वाळवतात. व्हिएतनाममध्ये उकळत्या भांड्यावर ताणलेल्या कापडावर पीठ पसरतात आणि बांबूच्या ताटव्यांवर वाळवतात. आंबवणं सोडलं तर कृती तीच. भाताच्या मुलखातल्या बायकांना हे वेगवेगळ्या किनाऱ्यांवर सुचलं, याचा मला मनापासून आनंद होतो.

या रोलसाठी आईने स्वतःच चटणी ठरवली: दाण्याचं कूट, चिंचेचा कोळ, गूळ, ठेचलेला लसूण, थोडा सोया सॉस. लाल चटणीत मात्र मी एक भर घातली. गाडीवरच्या शेझवानमध्ये सिचुआनचं जीभ झिणझिणवणारं मिरं नसतं. आपलं तिरफळ त्याच्याच कुळातलं, बांगड्याच्या तिखल्यासाठी ते आमच्या घरी कायम असतं. काळी बी काढून टाकलेली दोन-तीन तिरफळं मी गरम तेलात सोडते, वास सुटला की काढून घेते आणि त्याच तेलात मिरचीचं वाटण परतते. आई ती चटणी ताज्या रोललाही लावते आणि दाण्याची वाटी माझ्याकडे सरकवते.