वेगळ्या चुलींची कुमक

इतिहास शिकवितांना एक वाक्य आम्ही वर्षानुवर्षें फळ्यावर लिहीत आलों: 'महायुद्धांत वसाहतींनीं मातृदेशास साहाय्य केलें.' मुलें तें उतरवून घेत आणि परीक्षेंत गुणही मिळवीत. त्या एका 'साहाय्य' शब्दाच्या पोटांत किती निरनिराळ्या गोष्टी आहेत, हें मात्र आमच्या ध्यानांत आलें तें निवृत्तीनंतर, आणि तेंही घरच्याच एका प्रकरणामुळें.

प्रथम इतिहास पाहूं. 1909 सालीं न्यूझीलंडची लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास होती. त्या वर्षीं त्या चिमुकल्या देशानें एक मोठी युद्धनौका स्वखर्चानें ब्रिटिश आरमारास देऊं केली. 'न्यूझीलंड' याच नांवाची ती नौका हेलिगोलंड (1914), डॉगर बँक (1915) व जटलंड (1916) या तिन्ही झुंजींत लढली. 22 सप्टेंबर 1914 रोजीं मद्रासेवर तोफा डागणाऱ्या जर्मन 'एम्डेन' नौकेचा निकाल 9 नोव्हेंबरला कोकोस बेटांपाशीं लागला, तो ऑस्ट्रेलियाच्या 'सिडनी' नौकेच्या हातून. न्यूफाउंडलंडच्या पलटणीची कथा तर ऐकवत नाहीं. 1 जुलै 1916 रोजीं बोमाँ-हामेल येथें सुमारें 800 जवान पुढें सरसावले. दुसऱ्या दिवशीं हजेरीला 68 उभे राहिले.

परंतु 1914 सालीं 'युद्धांत पडतां काय?' असें या वसाहतींना कोणीं विचारलें नव्हतें. राजानें युद्ध पुकारलें, तें सर्वांनाच लागू झालें. किती माणसें धाडावयाचीं, एवढेंच त्यांच्या हातीं होतें. ऑस्ट्रेलियाच्या मतदारांनीं 1916 व 1917 असें दोनदां सक्तीची भरती नाकारली. 1931 च्या वेस्टमिन्स्टर कायद्यानें ही स्थिति पालटली. 1939 सालीं ब्रिटननें 3 सप्टेंबरला युद्ध पुकारलें. कॅनडानें आपल्या पार्लमेंटांत चर्चा करून 10 तारखेस. दक्षिण आफ्रिकेंत 80 विरुद्ध 67 मतांनीं निर्णय झाला व तटस्थतेचा पक्ष घेणारे पंतप्रधान हर्टझॉग पायउतार झाले. आयर्लंड तटस्थच राहिलें. आणि हिंदुस्थान? येथील लोकप्रतिनिधींस न विचारतांच व्हाइसरॉय लिनलिथगो यांनीं हा देश युद्धांत असल्याचें जाहीर केलें. काँग्रेसचीं प्रांतिक मंत्रिमंडळें राजीनामे देऊन बाहेर पडलीं. तरीही युद्ध संपेपर्यंत आपलें सैन्य 25 लाखांवर गेलें. माणसें मिळालीं, संमति मात्र मागितलीच गेली नाहीं.

आतां घरचें प्रकरण. दोन वर्षांपूर्वीं पावसांत गांवच्या घराचें छप्पर कोसळलें. वडीलकीच्या अधिकारानें आम्हीं परस्पर गवंड्यास शब्द दिला आणि परदेशीं असलेल्या धाकट्या बंधूस त्याच्या हिश्श्याचा आंकडा कळविला. पैसे आठ दिवसांत आले. सोबत एक ओळही आली नाहीं. गणपतीला तो आला नाहीं. आम्हीं त्यास माणुसघाणा ठरविलें, चार माणसांत तसें बोलूनही दाखविलें. अखेर एके रात्रीं सौभाग्यवतीनें विचारलें, "आधीं विचारलें असतें, तर भाऊजी नाहीं म्हणाले असते का?" आम्हांस उत्तर देववेना. तो नाहीं म्हणालाच नसता, आणि म्हणूनच विचारावयास हवें होतें.

यंदा विहिरीचें काम निघालें आहे. या वेळीं आंकडा न कळवितां, त्याचें मत काय, एवढेंच विचारणारें पत्र आम्हीं त्यास धाडिलें आहे. नकार आला तरी तो राग न धरितां वाचावयाचा, असें मनाशीं ठरविलें आहे. उत्तराची वाट पाहत आहों.