ओट्यामागची तार

नवी इंडक्शन शेगडी घरात आली की सर्वांचे लक्ष तिच्या गुळगुळीत काचेकडे जाते. भिंतीत दडलेल्या तारेची आठवण कुणालाच होत नाही. शेगडीचा जाड पिनांचा प्लग मिक्सरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये शिरत नाही, तेव्हा गृहस्थ दुकानातून एक जोडप्लग आणतात. शेगडी सुरू होते, दूधही उतू जाते. खरे तर, न शिरणारा तो प्लग घराला सावधच करीत होता.

२००० वॉटची शेगडी २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह ओढते. दिव्यांसाठी घातलेली १ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार हा भार तासन् तास वाहू लागली, की तापते. तेवढ्याच प्रवाहाने ४ चौरस मिलिमीटरच्या तारेत केवळ चौथा हिस्सा उष्णता निर्माण होते. गिलाव्याखाली कोंडलेल्या उष्णतेने आवरण हळूहळू कडक होते, तडकते. वरचा रंग मात्र तसाच प्रसन्न दिसतो. एमसीबी वारंवार पडू लागला, तर काही जण तार न बदलता मोठा एमसीबी बसवतात. पहारेकऱ्यालाच झोपवण्याचा हा प्रकार!

जाणता वायरमन आधी शेगडीखालची पट्टी वाचतो. मग मुख्य फलकापासून ओट्यापर्यंत अर्थिंगसह स्वतंत्र जाड तार आणि १६ अँपिअरचे सॉकेट सुचवतो. भिंत फोडावी लागणार म्हणून गृहस्थ कचरतात. रोज ओट्याशी उभी राहणारी गृहिणी मात्र लगेच होकार देते. छिन्नी चालते, दोन फरश्या फुटतात. आणि त्यांच्या जोडीच्या फरश्या आता बाजारात मिळत नाहीत.